पित्तच असेल

बाबा, आमचा सीझन संपला. मुलांची बास्केटबॉलची टीम परवा सेमीफायनलला हरली आणि आज सकाळी मी एकटीच ट्रेनिंग रूममध्ये येऊन बसलेय. टेबलं पुसून झाली, उरलेल्या टेपच्या गुंडाळ्या कपाटात गेल्या, बर्फाचं मशीन बंद केलं. बाहेर मार्चमधलं ते घाणेरडं, अर्धवट वितळलेलं बर्फ आहे, पार्किंग लॉटच्या कडेला काळे पडलेले ढीग. घरी जायला कुणाची ना नाही, पण पाय निघत नाहीये, म्हणून म्हटलं तुम्हाला लिहावं. तुम्ही गेल्यापासून आईच्या व्हॉट्सॲपपलीकडे मी मराठीत काही लिहिलेलं नाही, तेव्हा ऱ्हस्व-दीर्घ बघू नका. बघालच म्हणा. आपण इकडे आलो तेव्हा मी पाचवीत होते, आणि दर रविवारी आजीला पानभर पत्र लिहायला लावायचात, वर लाल पेनाने माझ्या वेलांट्या दुरुस्त करून मगच पाकिटात घालायचात. सांगलीला आजी ते तांबडं-निळं पत्र कसं वाचायची कोण जाणे.

माझं काम तुम्हाला माहीत नाही. तुम्ही गेलात तेव्हा मी हायस्कूलच्या शेवटच्या वर्षात होते आणि मी डॉक्टर होणार हे तुमच्या डोक्यात पक्कं बसलेलं होतं. नाही झाले डॉक्टर. मी ॲथलेटिक ट्रेनर आहे, म्हणजे कसरत शिकवणारी नव्हे, खेळाडूंचे घोटे बांधणारी, गुडघे बघणारी, कोण खेळेल आणि कोण बसेल ते सांगणारी. इलिनॉयच्या पश्चिमेला, मक्याच्या शेतांच्या मधोमध एक छोटं कॉलेज आहे, तिथे. शॉमबर्गच्या आपल्या घरून सकाळी निघालं की जेवायच्या वेळेला पोचतं. आमच्यासारखीच आणखी काही छोटी कॉलेजं आसपासच्या राज्यांत आहेत, त्या सगळ्यांची मिळून एक कॉन्फरन्स. हिवाळाभर एकमेकांशी खेळायचं, एकदा त्यांच्याकडे, एकदा आपल्याकडे, शेवटी वरच्या चार टीम्सची टूर्नामेंट, आणि ती जिंकणारी एकच टीम पुढे देशपातळीवर जाणार. बाकीच्यांनी सामान आवरायचं. आईला हे अजून समजलेलं नाही. मी फोनवर 'उद्या कॉन्फरन्सची गेम आहे' म्हटलं की तिला पुढचं काही ऐकूच येत नाही, आणि ती मंडळातल्या काकूंना सांगते, आमची ही सारखी कॉन्फरन्सला असते. एका गणपतीत एक काका मला फार आदराने विचारत होते, पेपर कशावर वाचतेस? मी म्हटलं, घोट्यावर. ते म्हणाले, वा वा.

खरं तर या धंद्यात मला तुम्हीच घातलंत. सातवीत मी शाळेच्या टीममध्ये आले तेव्हा तुम्ही मला खास बास्केटबॉलचे बूट घेऊन दिलेत. पांढरे, घोट्याच्या वर येणारे. आणि घेतलेत ते वाढत्या मापाचे. दुकानातली मुलगी पुढे अंगठा दाबून सांगतेय की सर, हे फार मोठे होतायत, आणि तुम्ही तिला इंजिनियरच्या शांतपणाने समजावताय, शी विल ग्रो. तिला काय कळणार, आमच्याकडे फ्रॉकपासून दप्तरापर्यंत सगळं वाढत्या मापाचंच येतं. मी पुढे कापूस कोंबून वर्षभर खेळले आणि पाय वाढायच्या आत दोनदा घोटा मुरगळून घेतला. शाळेत एक वयस्कर ट्रेनर होत्या. त्यांनी माझा पाय मांडीवर घेतला, पांढऱ्या पट्टीचे वेढे दिले, आणि म्हणाल्या, आता उभी राहा. मी उभी राहिले आणि दुखलं नाही. मला डॉक्टर करण्याचं तुमचं स्वप्न बहुतेक त्याच दिवशी निकालात निघालं, फक्त तुम्हाला ते मी सांगितलं नाही.

तुम्ही माझी एकही गेम चुकवली नाहीत, हे मात्र खरं. ऑफिसातून थेट यायचात, टाय सैल केलेला, हातात चहाचा थर्मास, आणि वरच्या फळीवर जाऊन बसायचात. बास्केटबॉल तुम्हाला शेवटपर्यंत कळला नाही. तुम्ही खो-खोवाले, त्यामुळे पळणारा आणि पाठलाग करणारा एवढंच बघायचात, आणि कुणी माझ्या पाठीमागून सरकायला लागलं की अख्ख्या जिमला ऐकू जाईल असं ओरडायचात, 'मागे!' मला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. पण महिन्याभरात टीममधल्या सगळ्या पोरी एकमेकींना 'मागे' ओरडायला लागल्या, कारण तो शब्द पटकन तोंडातून सुटतो आणि समोरच्या टीमला कळत नाही. आमच्या कोचना वाटलं मीच काहीतरी डावपेच आणलाय. मी आणला नव्हता, पण नाही म्हटलं नाही.

आता तो फेब्रुवारी, हायस्कूलच्या शेवटच्या वर्षातला. गेम चालू आहे, टाइमआउट झालाय, मी पाणी पिता पिता वर बघते तर तुम्ही ओरडत नाही आहात. थर्मास बाजूला ठेवलाय. उजव्या हाताची मूठ करून बरगड्यांच्या मधोमध वरून खाली घासताय, आणि घासून झाल्यावर कुणी पाहिलं का म्हणून दोन्हीकडे बघताय. गेम संपल्यावर पार्किंग लॉटमध्ये गाडीला टेकून उभे राहिलात. एवढ्या थंडीत तुमच्या कपाळावर घाम. मी विचारलं तर म्हणालात, पित्त आहे गं, काल मंडळात मिसळ जास्त झाली. आणि मग म्हणालात, "आईला सांगू नकोस. उगाच काळजी करत बसेल." मी सांगितलं. घरात पाऊल टाकल्या टाकल्या, बूटसुद्धा न काढता सांगितलं. आईने लगेच लिंबू कापलं, स्टीलच्या पेल्यात पाणी घेतलं, त्यात खायचा सोडा टाकला आणि फसफसतं आहे तोवर तुमच्या हातात दिलं. तुम्ही एका दमात प्यालात, मोठा ढेकर दिलात आणि म्हणालात, "बघ, मोकळं झालं." तो ढेकर म्हणजे आमच्या घरातलं मेडिकल सर्टिफिकेट. मी म्हटलं, बाबा, डॉक्टरकडे जा. तुम्ही हसलात. "तू डॉक्टर आहेस का? मला काय धाड भरलीये! हा आठवडा होऊ दे, सोमवारी जाईन."

मला तुमचा राग येतो, बाबा. हे मी इतकी वर्षं कुणालाच सांगितलं नाही, कारण गेलेल्या माणसावर रागवायचं नसतं म्हणतात. पण येतो. सगळ्या जगाच्या माणसांना हृदय असतं, आपल्याकडे फक्त पित्त असतं. डोकं दुखलं, पित्त. चक्कर आली, पित्त. चिडचिड झाली तरी पित्त. पूल बांधण्याचं गणित करणारा माणूस, तुमच्या पुलाच्या एखाद्या खांबाला असा आवाज आला असता तर तुम्ही रस्ता बंद केला असतात, मग स्वतःला लिंबू-सोडा पाजून कसे मोकळे झालात? तो आठवडा तुम्ही ताक-भातावर काढलात आणि ऑफिसला गेलात. रविवारी सकाळी बर्फ पडलं होतं. तुम्ही फावडं घेऊन गॅरेजपुढचा ड्राइव्हवे साफ करायला बाहेर गेलात, आई आत पोहे करत होती, आणि शेजारच्या म्हाताऱ्याने येऊन दार वाजवलं. सोमवार आलाच नाही.

त्यानंतर आमच्या घरात खायचा सोडा आला नाही. आईने डबा धुऊन त्यात लवंगा भरल्या. ढोकळासुद्धा ती विकतचा आणते. मी कधी विचारलं नाही आणि तिनेही कधी सांगितलं नाही.

यंदाची आमची टीम चांगली होती. इतकी चांगली टीम या कॉलेजने माझ्या काळात तरी पाहिली नव्हती. जानेवारीत कॉन्फरन्समध्ये आम्ही सगळ्यात वर होतो, गावातल्या पिझ्झावाल्याने काचेवर मुलांचे नंबर रंगवले होते, आणि ते सगळं एका मुलामुळे. आमचा सेंटर. म्हणजे रिंगखाली उभा राहून उडालेला बॉल ओढून घेणारा, टीममधला सगळ्यात उंच मुलगा. माझ्या टेबलावर आडवा झाला की त्याचे पाय गुडघ्यापासून बाहेर लोंबतात. पहिल्या वर्षापासून त्याचे घोटे मीच बांधतेय. बोलका, गोड, जरा आळशी. बाकावरून माझ्या तोंडून एकदा 'मागे' निघून गेलं तेव्हा त्याने अर्थ विचारून घेतला आणि तेव्हापासून तोच रिंगखालून सगळ्यांना 'मागे' ओरडायचा, अगदी तुमच्यासारखा, फक्त ग जरा जाड. चौथ्या वर्षाला होता. आमच्यासारख्या कॉलेजातून पुढे कुणी प्रोफेशनल होत नाही. मार्चमध्ये संपलं की आयुष्यभरासाठी संपलं, मग नोकरी आणि शनिवारी पार्कमध्ये पोट सुटलेल्या मित्रांबरोबर खेळणं. म्हणजे त्याचा हा खरोखरचा शेवटचा सीझन होता, आणि ते त्याला रोज आठवत असायचं.

जानेवारीच्या शेवटी एका प्रॅक्टिसला सगळे पळतायत आणि हा भिंतीपाशी थांबला. वाकला. मग उभा राहिला, उजव्या हाताची मूठ केली, बरगड्यांच्या मधोमध वरून खाली घासली, आणि दोन्हीकडे बघितलं. मी जवळ गेले तर त्याने एक ढेकर दिला आणि हसून म्हणाला, "आय ॲम गुड. जस्ट हार्टबर्न." याआधीही असं झालंय का असं मी विचारल्यावर म्हणाला, कदाचित. घाम तर सगळ्यांनाच आला होता, त्यावरून काय कळणार. मी त्याला तिथल्या तिथे बसवलं आणि टीमच्या डॉक्टरांना फोन केला. ईसीजी काढला, सोनोग्राफी काढली, आणि रिपोर्ट आला तो ना धड इकडचा ना तिकडचा. हृदयाची भिंत जरा जाड दिसतेय. इतक्या मोठ्या अंगाच्या खेळाडूची ती तशी असूही शकते, किंवा तो असा आजार असेल ज्यात मुलं खेळता खेळता मैदानावर कोसळतात. नक्की कळायला एमआरआय करायचा, तोवर खेळणं पूर्ण बंद. इन्शुरन्सची मंजुरी, मोठ्या शहरातल्या हॉस्पिटलची तारीख, हे सगळं होईपर्यंत फेब्रुवारी निघून जाणार हे सगळ्यांनाच दिसत होतं.

कोच वाईट माणूस नाही. त्याने माझ्या खोलीचं दार लावून घेतलं आणि आधी बऱ्या आवाजात विचारलं की दुसरा कुठला डॉक्टर नाही का, लवकर बघणारा. मग म्हणाला, तो मुलगा सांगतोय त्याला जळजळ आहे, रोज झोपताना तिखट चिकन विंग्ज खातो आणि वर ते कॅफीनचे डबे पितो, कुणालाही होईल. त्याला दिसतंय ते तुलाच कसं दिसत नाही? मी म्हटलं, जळजळ असेलही, पण रिपोर्ट आहे. तेव्हा त्याचा तोल गेला आणि तो म्हणाला, तू डॉक्टर आहेस का? बाबा, शब्द न् शब्द तोच. फक्त तुम्ही मराठीत म्हणाला होतात. मी म्हटलं, नाही, म्हणूनच तर डॉक्टरांकडे पाठवलंय. तो दार आपटून गेला, आणि मी ड्रॉवरमधल्या त्या खडूसारख्या गोळ्या असतात ना छातीतल्या जळजळीवरच्या, त्यांच्या डबीकडे बराच वेळ बघत बसले. मुलांसाठी ठेवलेली असते.

मग आम्ही हरायला लागलो. पहिली गेम थोडक्यात, दुसरी सपाटून. त्याच्या जागी पहिल्या वर्षाचा एक पोरगा उभा राहायचा, जीव तोडून खेळायचा, पण त्याला उडी कधी मारायची तेच कळत नसे. कॉन्फरन्सच्या टेबलमध्ये आम्ही एक एक पायरी उतरत गेलो. बसमधून परत येताना कुणी गाणी लावेनासं झालं. आमचा सेंटर साध्या कपड्यांत बाकाच्या टोकाला बसायचा, टॉवेल मानेभोवती, आणि माझ्याकडे बघायचा नाही. घोटे बांधायचे नव्हतेच, त्यामुळे तो माझ्या खोलीत येईनासा झाला. आयोवातल्या एका गावात हरल्यावर, बसमध्ये सामान चढत असताना, मी त्याला बाजूला घेतलं. हे बोलायचं मी ठरवलेलं नव्हतं. मी त्याला तुमच्याबद्दल सांगितलं. मूठ, घाम, लिंबू-सोडा, फावडं, सगळं. माझे वडीलही हार्टबर्नच म्हणाले होते, असं म्हटलं. त्याने ऐकून घेतलं. मग तो अगदी हळू म्हणाला, "आय ॲम नॉट युवर डॅड."

उद्धटपणे नाही म्हणाला. त्याला दया आली होती माझी, असंसुद्धा मला वाटलं. मी म्हटलं, मला माहितेय. पण खरंच माहीत होतं का? मी त्या मुलाकडे बघायचे तेव्हा मला कोण दिसत होतं?

शेवटच्या घरच्या गेमला इथे सीनियर नाइट असते. शेवटच्या वर्षाची मुलं आईवडिलांचा हात धरून कोर्टावर येतात, आईला फुलं देतात, सगळे उभं राहून टाळ्या वाजवतात. त्या दिवशी कोच परत माझ्याकडे आला. भांडायला नाही, विनंती करायला. समोरच्या टीमच्या कोचशी त्याचं बोलणं झालं होतं. सुरुवातीला बॉल वर उडवतात तेव्हा आमच्या सेंटरने नुसतं मधोमध उभं राहायचं, बॉलला हात लावायचा, लगेच खेळ थांबवायचा आणि त्याने टाळ्यांमध्ये बाहेर यायचं. पळायचं नाही, उडी नाही. एवढं तरी त्याच्या आईला बघू दे. समोरची टीम हलणारसुद्धा नव्हती. मी नाही म्हटलं. डॉक्टरांना एक फोन करून विचारता आलं असतं, बहुधा ते हो म्हणाले असते. मी फोन केला नाही. कोच म्हणाला, अगं, दहा पावलं चालायचंय त्याला. मला म्हणायचं होतं, आमचा ड्राइव्हवे तरी केवढा होता. नाही म्हटलं ते.

त्याची आई नर्सिंग होममध्ये स्वयंपाक करते, प्रत्येक घरच्या गेमला ड्यूटी बदलून येते. फुलं हातात घेऊन ती माझ्याकडे आली. मला वाटलं आता ही ओरडणार. ती ओरडली नाही. म्हणाली, "त्याला सध्या तुझा खूप राग येतो. माझं अजून ठरलेलं नाही." आणि जाऊन आपल्या जागेवर बसली. ती गेम आम्ही जिंकलो, म्हणून चौथ्या नंबरावर का होईना टूर्नामेंटमध्ये गेलो.

परवाची सेमीफायनल त्यांच्या जिममध्ये होती, कारण पहिला नंबर त्यांचा. मुलं अशी खेळली की काय सांगू. शेवटच्या काही सेकंदांत आम्ही एका पॉइंटने पुढे. बॉल त्यांच्याकडे, कोपऱ्यात, आणि आमचे पाचही जण बॉलकडे डोळे लावून उभे. त्यांचा एक मुलगा मागच्या रेषेवरून हळूच सरकायला लागला. तो मला दिसला, आणि माझ्याआधी आमच्या सेंटरला दिसला. तो बाकावरून ताडकन उठला आणि जिवाच्या आकांताने ओरडला, "मागे!" ती शिट्टीसारखी आरोळी अख्ख्या जिममध्ये गेली. पण हा शब्द आमच्या मुलांना रिंगखालून ऐकायची सवय, बाकावरून नाही. तो पहिल्या वर्षाचा पोरगा आवाजाच्या दिशेने वळला, बाकाकडे, आमच्याकडे. बॉल त्याच्या पाठीमागून गेला आणि आत पडला. मग हॉर्न वाजला. सेंटर तसाच उभा राहिला, टॉवेल खाली पडलेला, आणि मी बर्फाच्या पिशव्या गोळा करायला लागले, कारण तेवढंच हातात होतं.

काल रिपोर्ट आला. एमआरआय आठवड्यापूर्वी झाला होता. हृदय ठणठणीत. मोठ्या मुलाचं मोठं हृदय, बस. मधल्या काळात डॉक्टरांनी दिलेल्या गोळ्यांनी छातीतली जळजळ पण गेली. घशाशी आंबट येत होतं, तेवढंच. म्हणजे पित्त. बाबा, त्याला खरोखरच पित्त झालं होतं.

दुपारी तो इथे आला. दारातून वाकून आत यायची त्याची सवय आहे. गोळ्यांचं पाकीट टेबलावर ठेवलं आणि म्हणाला, सो. हार्टबर्न. मी म्हटलं, आय ॲम ग्लॅड. त्याने माझ्याकडे नीट बघितलं आणि म्हणाला, "यू डोन्ट लुक ग्लॅड." मग कपाटातलं आपलं सामान घेतलं, सवयीने 'सी यू' म्हणाला आणि गेला. आता कुठे सी यू. त्याला सगळं कळलं होतं. मला आनंद झाला नव्हता, बाबा. फोनवर डॉक्टर 'नॉर्मल' म्हणाले तेव्हा पहिल्यांदा मला फसवल्यासारखं वाटलं. एका धडधाकट मुलाच्या हृदयात काहीतरी निघावं अशी मी महिनाभर वाट बघत होते, म्हणजे निदान एक माणूस तरी सोमवारच्या आत डॉक्टरकडे पोचला असं झालं असतं. असं कुणाला वाटतं का? मला वाटलं. स्वतःची शिसारी आली.

संध्याकाळी आईला फोन केला. तिला मधून मधून सांगत होते, त्यामुळे तिचा जीव टांगणीला लागलेला. रिपोर्ट सांगितल्यावर तिने विचारलं, काहीच नाही? मी म्हटलं, काही नाही, पित्त होतं. मागे तिच्या स्वयंपाकघरातला एग्झॉस्टचा पंखा ऐकू येत होता. मग म्हणाली, "बघ. कधीकधी असतं गं खरंच पित्त." आणि रडायला लागली. हुंदके देऊन, लहान मुलीसारखी. मी तिला तुमच्या तेराव्यालासुद्धा असं रडताना बघितलेलं नाही. इतकी वर्षं ती तो स्टीलचा पेला हातात धरून उभी होती आणि मला ते कळलंच नाही, मी लवंगांचा डबा बघत राहिले. त्या पोराचा अख्खा सीझन गेला, कॉलेजची टीम गेली, कोचची नोकरी बहुतेक जाईल, आणि त्यातून फक्त एका माणसाला जरा हलकं वाटलं, ते शॉमबर्गमध्ये आईला. तिला मी म्हटलं, हो आई, असतं कधीकधी. तुमच्या बाबतीत नव्हतं हे तिलाही माहितेय. पण म्हटलं.

हे पत्र कुठे टाकणार? ड्रॉवरमध्ये, त्या खडूच्या गोळ्यांच्या डबीखाली ठेवतेय. डबी जवळजवळ रिकामी आहे. मुलांनी नाही संपवली. सीनियर नाइटपासून मीच खातेय. मघाशी बर्फाचं मशीन ओढताना मी मध्येच थांबले, मूठ करून बरगड्यांच्या मधोमध घासली, आणि इथे कुणी नसताना दोन्हीकडे बघितलं. तुम्ही गेलात त्या वयाची झालेय आता मी. बसमधलं खाणं, कॉफी, वेळेवर झोप नाही, पित्तच असेल. सोमवारी जाईन दाखवायला.

आईला सांगू नका.